बिस्किटाच्या डब्यातली काडतुसं

क्लेटन हॉस्टेटर ही गोष्ट आता स्वतःच सगळ्यांना सांगतो, आणि सांगताना स्वतःला जराही सोडत नाही. पण त्याच्या तोंडून ऐकायला बसलं, की तो मध्येच काडतुसात कोणती दारू किती वेगाने जळते या विषयावर घसरतो आणि अर्धा तास परत येत नाही. म्हणून ती इथे आपणच सांगितलेली बरी.

क्लेटनने चौतीस वर्षं हायस्कुलात मुलांना सुतारकाम शिकवलं. निवृत्त झाला तरी शिकवायची खोड गेली नाही. पॉटर काउंटीच्या डोंगरात आठ जणांचा एक शिकारीचा कॅम्प होता: पत्र्याचं छप्पर, झोपायला आठ बाकडी, एक शेगडी. तिथे सगळे त्याला ‘मास्तर’ म्हणत. हे आदराने म्हणतात, असा त्याचा बरीच वर्षं समज होता.

नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरच्या रविवारी ही आठ माणसं कॅम्पवर जमत आणि सोमवारी पहाटे हरणाच्या मागावर निघत. कॅम्पचा कायदा एकच. ज्याने गोळी झाडली आणि हरीण पडलं नाही, त्याच्या शर्टाचं मागचं टोक रात्रीच्या जेवणाआधी कात्रीने कापायचं, त्यावर नाव आणि साल लिहायचं आणि ते शेगडीवरच्या भिंतीला खिळ्याने ठोकायचं. भिंतीवर असे तेवीस तुकडे होते. त्यातले आठ एकट्या अर्विनचे. क्लेटनचा एकही नव्हता. तो हा विषय स्वतःहून कधी काढत नसे. फक्त जेवायला नेमका भिंतीसमोरच्या खुर्चीवर बसत असे.

अर्विन कून्स म्हणजे क्लेटनच्या बायकोचा, आर्लीनचा, धाकटा भाऊ. दुधाचा टँकर चालवायचा. बोलणं कमी, हसणं बरं. बंदूक त्याच्या वडिलांची, जुनी पण जपलेली. त्याची बायको लुएला दोन वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये गेली. तेव्हापासून त्याचं जगणं म्हणजे टँकर आणि घर, घर आणि टँकर. तिसरी जागा एकच उरली होती, ती म्हणजे हा कॅम्प.

आणि यंदा थँक्सगिव्हिंगच्या जेवणात, भोपळ्याचा ‘पाय’ नावाचा गोड पदार्थ वाटला जात असताना, अर्विन म्हणाला, “दाजी, हे माझं शेवटचं वर्ष. बुधवारी संध्याकाळी एक जण बंदूक बघायला येतोय. पसंत पडली की देऊन टाकणार.”

“बाबांची बंदूक?” आर्लीनने विचारलं.

“बाबांना नेम होता, ताई. मला नाही. उगाच किती वर्षं हरणांना घाबरवायचं?”

जेवण झाल्यावर आर्लीनने क्लेटनला स्वयंपाकघरात गाठलं आणि पुसायला ताट हातात दिलं. “हे बघ,” ती म्हणाली, “मला हरीण नको, मटण नको. तो पुढच्या वर्षी कॅम्पला जायला हवा. तिथे गेला नाही, तर तो कुठेच जाणार नाही. तुझं इतकं ज्ञान आहे ना, कधी उपयोगाला येणार?”

क्लेटनने छाती पुढे काढली. ज्ञानाचा प्रश्न असला की त्याला भीती वाटत नसे.

ज्ञान होतंच. रविवारच्या जेवणात त्याचं व्याख्यान ठरलेलं असे. स्टश नावाचा कॅम्पमधला सगळ्यात म्हातारा गडी सर्वांसाठी रांधायचा. त्याने कोबीच्या पानात गुंडाळलेला खिमा ताटात वाढला, की क्लेटन खिशातून एक काडतूस काढून उजेडात धरायचा.

“एका नळीतून गेली म्हणून दोन काडतुसं एका जागी लागतील असं समजू नका. गोळीचं वजन बदललं, आतली दारू बदलली, की नळीची थरथर बदलते. एक जात मधोमध लागेल, दुसरी वीतभर खाली. म्हणून ज्या काडतुसाने नेम जुळवला, त्याच काडतुसाने शिकार करायची. खोका बदलला, की नेम पुन्हा जुळवायचा.”

“मास्तर, खिमा गार होतोय,” स्टश दरवर्षी म्हणायचा.

याच ज्ञानापायी क्लेटन दरवर्षी काडतुसांची जात बदलायचा. तीन गोळ्या एकाच भोकातून पाठवणारं काडतूस जगात कुठेतरी आहे, अशी त्याची श्रद्धा होती. उन्हाळ्यात चार खोके आणायचे, अर्धे झाडायचे, नाक मुरडायचं आणि पुढच्या वर्षी नवीन. आणि हंगामाच्या आधीच्या शनिवारी मेहुण्याची बंदूकही तो स्वतःच जुळवून द्यायचा. मेहुण्याला बंदुकीवरच्या दुर्बिणीचे स्क्रू फिरवायला द्यावेत, इतका त्याचा मेहुण्यावर विश्वास नव्हता.

सोमवारी सकाळी आठच्या सुमाराला अर्विनच्या बाजूने एक बार ऐकू आला. अर्विनची जागा गॅसच्या पाइपलाइनसाठी जंगल तोडून केलेल्या लांबलचक पट्ट्यावर होती. तिथे हरीण ओलांडतं ते दोनशे पावलांवरून. क्लेटन टेकडी ओलांडून पोचला तेव्हा अर्विन बर्फात वाकून उभा होता. समोर पोटाखालच्या पांढऱ्या केसांचा एक झुबका पडलेला. रक्ताचा थेंब नाही. दोघे दीड-दोन तास खुरांच्या ठशांमागे चालले. नर धडधाकट होता, लांब उड्या टाकत गेला होता.

“तू चाप खेचतोस,” परतताना क्लेटनने सुरू केलं. “चाप दाबायचा असतो. श्वास अर्धा सोडायचा आणि दाबायचा. किती वर्षं सांगतोय.”

“बरोबर आहे, दाजी.”

“आणि डोळे मिटतोस.”

“असेल, दाजी.”

संध्याकाळी अर्विनने कुणी सांगायच्या आधी शर्ट बाहेर काढला आणि कात्री स्टशच्या हातात दिली. स्टशने शर्ट उचलला आणि थबकला. लुएला असताना दरवर्षी ती कापलेल्या जागी जुन्या पडद्याचं फुलाफुलाचं कापड जोडायची, आणि पुढच्या हंगामात तो शर्ट घालून अर्विन दारात वळून दाखवायचा, तेव्हा सगळा कॅम्प पोट धरून हसायचा. यंदा गेल्या वर्षीचा काप तसाच होता, दोरे सुटलेले. स्टशला कापायला धड जागाच सापडेना. शेवटी त्याने नखाएवढा तुकडा कापला. भिंतीवर अर्विनचा नववा खिळा ठोकला गेला आणि कुणीही हसलं नाही. क्लेटनला त्या रात्री जेवण गेलं नाही.

मंगळवारी दुपारी अर्विन स्टशबरोबर लाकडं आणायला गेला, तेव्हा क्लेटनने त्याची बंदूक उचलली. बेत असा होता: बंदूक ठणठणीत आहे हे कागदावर सिद्ध करायचं, म्हणजे दोष चापावरच्या बोटाचा ठरतो, आणि बोटाचा दोष शिकवून घालवता येतो. त्याने अर्विनच्या कोटाच्या खिशातली दोन मुठी काडतुसं घेतली, कॅम्पमागच्या खडीच्या खाणीत शंभर पावलांवर एक कागदी ताट टांगलं आणि ओंडक्यावर वाळूची पिशवी ठेवून बैठक मारली.

पहिली गोळी मधोमध लागली. क्लेटनने मान डोलावली. दुसरी वीतभर खाली, डावीकडे. हातमोजा आडवा आला असणार म्हणून त्याने हातमोजा काढला. तिसरी चार बोटं वर, उजवीकडे. त्याने वाऱ्याला दोष दिला. वारा असा नव्हताच, झाडाचं पान हलत नव्हतं. मग ओंडका हलतो म्हणून ओंडक्याला एक लाथ घातली आणि आणखी तीन झाडल्या. त्याही जत्रेत हरवलेल्या पोरांसारख्या तीन दिशांना गेल्या. मुलाने वाकडी खुर्ची केली की ‘हत्याराला दोष देऊ नकोस’ असं चौतीस वर्षं बजावणारा हा माणूस आता बर्फात बसून हत्याराला शिव्या देत होता.

मग त्याने खिशात उरलेली काडतुसं जाकिटावर ओतली आणि बघितली. पहिल्यांदाच नीट बघितली.

अकरा काडतुसं होती, चार जातींची. काहींची टोकं प्लॅस्टिकची, पांढरी. काही तांब्याची, अणकुचीदार. काही शिशाची, बोथट आणि जड. आणि दोन करड्या टोकाची. क्लेटनने ती एकेक ओळखली. पांढऱ्या टोकाची दोन वर्षांपूर्वीची. तांब्याची पाच वर्षांपूर्वीची. बोथट शिशाची त्या वर्षीची, जेव्हा त्याला अस्वल मारायचं खूळ लागलं होतं. सगळी त्याचीच होती.

गेली बारा वर्षं दर नाताळात तो बिस्किटाच्या निळ्या डब्यात आपली उरलेली काडतुसं भरायचा, वर लाल फीत बांधायचा आणि मेहुण्याच्या हातात द्यायचा. “उत्तम माल आहे. वाया घालवू नकोस,” असंही वर सांगायचा. आणि नोव्हेंबरात त्याच मेहुण्याची बंदूक स्वतःच्या नव्याकोऱ्या खोक्याने जुळवून द्यायचा. नेम जुळायचा एका काडतुसाने, आणि अर्विन रानात जायचा डबा घेऊन.

त्याच्या पायाखालचं बर्फ सरकलं असं म्हणता आलं असतं, पण तो बसलेला होता. त्याने जातवार काडतुसं लावली आणि जातवार झाडली. बोथट दोन एकमेकींना चिकटून, वीतभर खाली. तांब्याच्या तीन एका नाण्याखाली झाकल्या जातील इतक्या जवळ, पण उजवीकडे. शंभर पावलांवर वीतभर, तर अर्विनच्या दोनशे पावलांवर केवढं खाली, हे सांगायला मास्तर लागत नाही. पोटाखालचे केस कापत गोळी निघून जाणार. बंदुकीचा दोष नव्हता. अर्विनच्या बोटाचा तर मुळीच नव्हता. बारा वर्षांत त्याला मिळालेली तीन हरणं चुकून योग्य काडतूस नळीत आलं म्हणून मिळाली होती.

अर्विनने व्याख्यान ऐकलं नव्हतं का? दरवर्षी ऐकलं होतं. पण डबा दाजींनी दिलेला. दाजी देतील ते जुळवूनच देतील, यात त्याला शंका घ्यायचं कारण नव्हतं. आणि दाजींच्या लेखी त्या डब्यात काडतुसं नव्हतीच, त्यांचा मोठेपणा होता. मोठेपणाचं वजन कुणी तपासत नाही.

आता क्लेटनने लगेच जाऊन कबुली दिली असेल असं वाटत असेल, तर तसं काही झालं नाही. त्याला आधी एक हुशारी सुचली. त्याने आपला यंदाचा खोका घेतला, ज्याने शनिवारी दोन्ही बंदुका जुळवल्या होत्या तोच, आणि अर्विनच्या बाकड्यापाशी गेला. अर्विन मोजे पिशवीत भरत होता.

“दुर्बिणीचा एक स्क्रू ढिला होता,” क्लेटन खोटं बोलला. “मी बसवलाय. ही ताजी काडतुसं घे आणि उद्या सकाळी तुझ्या जागेवर बस. बघ कसा नेम लागतो.”

“राहू द्या, दाजी. मी सकाळीच निघतो.”

“एकच सकाळ, अर्विन.”

“स्क्रूचं काही नाही हो. माझंच काहीतरी गेलंय.” अर्विन बाकड्यावर बसला. “लुएला होती तेव्हा चुकलो तरी घरी जाऊन सांगायला माणूस होतं. ती हसायची आणि सुईत दोरा ओवायची. आता नुसताच चुकतो. टँकर वळवतानासुद्धा वाटतं, दिसतंय ना मला नीट? हात माझाच आहे ना? असं वाटत राहणारा माणूस बंदूक घेऊन रानात बसू नये.”

आपण याचे नुसते नेम चुकवले नाहीत, याचा स्वतःच्या हातावरचा भरवसा घालवला, हे क्लेटनला तेव्हा कळलं. त्याला स्वतःची लाज वाटली, अगदी कानाच्या पाळ्या तापेपर्यंत.

जेवायला सगळे बसल्यावर तो उभा राहिला. “नळीच्या थरथरीविषयी मला थोडं...”

“मास्तर, आज नको,” स्टश म्हणाला. बाकीच्यांनी माना खाली घातल्या.

“आजच पाहिजे. समजा, एक बंदूक एका विशिष्ट काडतुसाने जुळवली गेली. आणि समजा, काही कारणाने निराळी काडतुसं वापरली गेली. तर असं घडलं असण्याची शक्यता...”

“कुणी वापरली? कुणी दिली?” स्टशने पळी खाली ठेवली. “तुझ्या शाळेतली पोरंसुद्धा खिडकी फोडली की यापेक्षा सरळ बोलत असतील.”

क्लेटनने खिशातून उरलेली काडतुसं काढून टेबलावर जातवार उभी केली. “मी दिली. अर्विनला. बारा वर्षं, डब्यातून. बंदूक मी एकाने जुळवायचो आणि त्याला हे सगळं मिसळून द्यायचो. त्याचा नेम पक्का आहे. भिंतीवरचे ते नऊ तुकडे त्याचे नाहीत. माझे आहेत.”

हशाचा असा लोंढा फुटला, की एक जण बाकावरून खाली गेला. “खोका बदलला, की नेम पुन्हा जुळवायचा!” कुणीतरी क्लेटनच्या आवाजात ओरडलं. स्टशने डोळे पुसत कात्री काढली. चुकणाऱ्यासाठी कायदा होता, चुकवणाऱ्यासाठी नव्हता, म्हणून त्याने तिथल्या तिथे नवीन केला आणि क्लेटनचा शर्ट पाठीवरून थेट खांद्यांपर्यंत कापला. क्लेटनला बरं वाटलं. इतकं स्वस्तात सुटू असं त्याला वाटलं नव्हतं. त्याने हसून अर्विनकडे बघितलं.

अर्विन हसत नव्हता.

“मी तीनदा डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो, दाजी,” तो म्हणाला. “तिसऱ्यांदा तुम्हीच मला गाडीतून नेलंत.”

“हो.”

“तो म्हणाला, डोळ्यांत काही दोष नाही. आणि येताना रस्ताभर तुम्ही मला चाप कसा दाबायचा ते सांगत होतात.”

“हो, अर्विन.”

“आणि मी ‘बरोबर आहे, दाजी’ म्हणत होतो.”

स्टशने कात्री त्याच्यापुढे धरली, “घे, तूही एक काप.” अर्विनने मान हलवली, ताट सरकवलं आणि आपल्या बाकड्यावर जाऊन भिंतीकडे तोंड करून पडला. क्लेटन त्याच्या पायथ्याशी जाऊन उभा राहिला. “माझं चुकलं. मला माफ कर,” एवढंच म्हणाला. आयुष्यात इतकं लहान वाक्य तो क्वचितच बोलला असेल. मग त्याने नवा खोका अर्विनच्या उशाशी ठेवला आणि बाजूला झाला.

सकाळी अर्विनचं बाकडं रिकामं होतं. क्लेटन धावत दाराशी गेला. गाडी जागेवर होती, पिशवी गाडीत होती. नवा खोका मात्र दिसेना. तो अंगणातच उभा असताना खाणीतून बार आला. मग दुसरा. मग तिसरा.

“ताटावर झाडतोय,” स्टश तव्यावरचं परतत म्हणाला. “जा, बघून ये.”

“नाही,” क्लेटन म्हणाला. त्याची हिंमतच नव्हती. समोर आलेली अंडी त्याने ताटात इकडून तिकडे फिरवली. खाणीतून चौथा बार काही आला नाही, आणि अर्विनही आला नाही. क्लेटन बंदूक घेऊन आपल्या जागेवर जाऊन बसला, पण त्या सकाळी त्याच्या पायावरून हरीण गेलं असतं तरी त्याला दिसलं नसतं. फाटलेल्या शर्टातून जाकिटाखाली वारा शिरत होता आणि पाठ गारठून लाकूड झाली होती.

पावणेदहाला पाइपलाइनच्या बाजूने एक बार झाला. एकच. क्लेटनने शंभरपर्यंत आकडे मोजले. दुसरा झाला नाही. तो उठला आणि एकसष्टाव्या वर्षी जेवढं पळता येईल तेवढा पळाला; टेकडी ओलांडायलाच अर्धा तास गेला.

पट्ट्याच्या पलीकडच्या काठावर अर्विन एका पडलेल्या झाडावर बसला होता. शेजारी आठ टोकांच्या शिंगांचा नर, पोट साफ केलेला, कानाला शिकारीच्या परवान्याचा टॅग लावलेला. गोळी खांद्याच्या मागे, जिथे लागायला हवी तिथेच लागली होती.

“दोनशे दहा पावलं,” अर्विन त्याच्याकडे न बघता म्हणाला. “मी मोजली.”

क्लेटनच्या डोळ्यांत पाणी आलं. ते वाऱ्यामुळे आलं असं तो आजही सांगत नाही.

“मी अजून रागावलेलो आहे,” अर्विन म्हणाला.

“असशीलच.”

“नवातले दोन मात्र तुमचे नाहीत. दोनदा मला झोप लागली होती. दचकून उठून झाडली होती.” त्याने दोर काढून शिंगांना बांधला, दुसरं टोक क्लेटनच्या हातात दिलं आणि दोन्ही बंदुका स्वतःच्या खांद्यावर घेतल्या. “ओढा.”

“मी एकटा?”

“मग? बिस्किटाचा डबा भरताना एकटेच होतात ना?”

कॅम्पपर्यंत मैलभर अंतर होतं, आणि त्यातलं बरंचसं चढाचं. अर्विन हात हलवत पुढे चालला. क्लेटन मागून ओढत होता, घसरत होता, गुडघ्यावर येत होता. “खेचू नका, दाजी, झटका बसतो,” पुढून आवाज आला. “श्वास अर्धा सोडा. किती वेळा सांगायचं?”

“बरोबर आहे, अर्विन,” क्लेटन धापा टाकत म्हणाला.

“त्या बंदूक बघायला येणाऱ्या माणसाला आता काय सांगू?”

“सांग, बंदुकीला नेम नाही.”

“खोटं कशाला? सांगतो, बंदूक चांगली आहे, पण तिच्याबरोबर दाजीही घ्यावे लागतील. आपणहून जाईल.”

अर्ध्या चढावर क्लेटन थांबला. पाठ मोडायला आली होती, कानशिलं ठोकत होती. “जरा बसू दे,” तो म्हणाला.

अर्विनने वळून आधी त्याच्याकडे, मग आभाळाकडे बघितलं. “बसा. पण पुढच्या वर्षी हंगामाच्या आधी चार महिने रोज चालायला जात जा. दरवर्षी मी असा थांबणार नाही.”

पुढच्या वर्षी. दरवर्षी. क्लेटनने दोन्ही शब्द नीट ऐकले. बोलायला तोंड उघडलं, कारण यावर बोलण्यासारखं त्याच्याकडे पुष्कळ होतं. मग त्याने ते मिटलं, दोर खांद्यावर घेतला आणि न बसताच ओढायला लागला.